टोपी बाजारची ओळ

दोन पतपेढ्या एक झाल्या, म्हणून नया बाजारच्या ऑफिसात सकाळपासून हास्यविनोद चालला होता. तिथले संगणक सांभाळणाऱ्या शालिनीने दोन्ही पतपेढ्यांच्या जोडलेल्या नेटवर्कच्या राउटरचा तक्ता उघडला. नेटवर्कमध्ये कोणत्या नंबरवर कोणतं यंत्र कुठे आहे, ते त्यात दिसतं. तिच्या लॅपटॉपचा कारखान्यातूनच मिळालेला कायमचा पत्ता दोनदा दिसत होता, एकदा इथे आणि एकदा दुसऱ्या पतपेढीच्या, टोपी बाजारच्या रिकाम्या केलेल्या ऑफिसात. तोच पत्ता दुसऱ्या कुठल्याच यंत्राला नसतो.

तिने टोपी बाजारची ओळ पुसली. ओळ लगेच परत आली.

गंमत वाटून तिने तिथल्या चौकीदाराला फोन लावला. "कान्होजीकाका, मी शालिनी. आत कोण बसलंय?"

"मजाक करता काय, ताई? तुम्हीच तर बसल्या आहात. आत्ताच चहा दिला ना."

त्यांच्यामागे कुणीतरी खळखळून हसलं. ते हसणं शालिनीचंच होतं.