जादिएलच्या गाडीचा सहावा गिअरबॉक्स

"या बेटावर दोनच गोष्टी अमर आहेत," एलिएसेर म्हणाला. "समुद्र आणि मी बसवलेला गिअरबॉक्स."

त्या वेळी तो मुलाच्या, जादिएलच्या पिवळ्या गाडीखाली उताणा पडला होता आणि त्यानेच गेल्या उन्हाळ्यात बसवलेल्या गिअरबॉक्सचं लाल तेल त्याच्या मिशीत ठिबकत होतं.

"समुद्राचं मला माहीत नाही, कोंपाद्रे," गुइयो म्हणाला. "पण हा पाचवा उतरवतोय आपण."

गुइयो जादिएलचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तो आणि एलिएसेर एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. गिअरबॉक्स खोलून जोडण्यात गुइयोचा हात धरणारा पार पोन्से शहरापर्यंत कुणी नव्हता. समुद्राचा हा विनोद दर गिअरबॉक्सला व्हायचा आणि दर वेळी गुइयो हसायचा. आज हसला नाही.

गाडीचं इंजिन हजार घोड्यांचं होतं. मूळ गिअरबॉक्स मात्र कुटुंबाला रविवारी चर्चला नेऊन आणण्यापुरता बनवलेला. दर शर्यतीला जादिएल सालिनासच्या पट्ट्यावरून निघायचा वादळासारखा आणि घरी यायचा टो-ट्रकवर बसून. टो-ट्रकवाला आता त्याच्या वाढदिवसालाही येत असे.

वजन कमी करावं म्हणून जादिएलने मागची सीट काढली, रेडिओ काढला, एसी काढला. त्याची आई नोएमी एकदाच त्या गाडीतून चर्चला गेली. परत चालत आली.

यावर इलाज होता, आणि तो जानेवारीपासून गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता. मालट्रकच्या घराण्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गिअर तीनच, पण रेड्यासारखा दणकट. एलिएसेर आधी म्हणाला, सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर बसवू. मग म्हणाला, ईस्टरनंतर. ईस्टर होऊन सात आठवडे झाले, आणि गेल्या रविवारी संध्याकाळी जादिएलचा फोन आला.

"बाबा, परत गेला. चढावर उभा आहे."

एलिएसेर जेवत होता. तुरीच्या दाण्यांचा भात, रविवारचा. "मग ढकल," तो म्हणाला. "व्यायाम होईल जरा. मी भात संपवून येतो."

भात अर्धाच राहिला. जादिएल दार उघडं टाकून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी कडेला ढकलत होता. मागून येणाऱ्या ट्रकने ते दार नेलं.

आज गुरुवार होता. भंगारातून आणलेलं नवं दार गाडीला लावून झालं होतं. करड्या रंगाचं.

"शनिवारपर्यंत रंग वाळेल ना?" नोएमीने कॉफीचे कप ठेवत विचारलं.

"वाळेल."

"त्याला असं ठिगळ लावलेलं आवडत नाही."

"पिवळं करतो गं."

"आणि कपडे शर्यतीचेच. लाल. उजवा हात बाहीत जात नाही म्हणाली पाचेकोची माणसं. मी म्हटलं, मागून उसवा, पण लालच घाला."

"हेल्मेट?" गुइयोने विचारलं.

"नको. चेहरा दिसू दे त्याचा."

ती गेल्यावर गुइयो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

"एवढं कशाला जिवाला लावून घेतोस, कोंपाद्रे?" तो शेवटी म्हणाला. "गाडी ट्रकवर चढवू, तिथं उतरवू. कोण बघतंय, गिअर पडतो की नाही?"

"मी बघतोय," एलिएसेर म्हणाला. "चार वेळा लोकांनी त्याला ट्रकवरून येताना पाहिलं. टाळ्या वाजवायचे मेले. या खेपेला गाडी स्वतःच्या चाकांवर जाईल."

गुइयोने कप खाली ठेवला आणि पान्हा उचलला.

नवा गिअरबॉक्स जागेत मावेना. पत्रा हातोड्याने ठोकून फुगवावा लागला, मागचा शाफ्ट दोन इंच कापावा लागला. ठोकताना एलिएसेर नको तितक्या जोरात ठोकत होता.

"सालिनासचे सगळे येतायत," गुइयो नंतर म्हणाला. "तीसेक गाड्या. जादिएलच्या गाडीपुढे कुणी जायचं नाही, असं ठरलंय त्यांचं."

"म्हणजे पहिला येणार," एलिएसेर म्हणाला. "पहिल्यांदाच."

दुपारी त्याने गाडी सुरू केली. गिअर टाकला. गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवून आणली. ना धक्का, ना आवाज. समोरच्या ओसरीवर डॉमिनो खेळणारे म्हातारे उठून उभे राहिले. एकाने टोपी काढली.

एलिएसेरने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही.

"दोन दिवसांचं काम होतं, कोंपाद्रे," तो म्हणाला. "जानेवारीपासून. दोन दिवसांचं."

गुइयो दाराशी उभा राहिला. कुठे हात ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने टपावर ठेवला.

चार वाजता पाचेको आला. एवढ्या उन्हात कोट आणि टाय, हातात मोजपट्टी. गाडी पसंत आहे की नाही हे तोच ठरवणार होता, त्यामुळे दोघंही शाळकरी पोरांसारखे सरळ उभे राहिले. पाचेकोने दार किती उघडतं ते मोजलं. सीट मोजली. सीट आणि स्टिअरिंग यांतलं अंतर मोजलं.

"सीटचे पट्टे मजबूत आहेत," तो म्हणाला. "हे चांगलं. हात दोन्ही स्टिअरिंगवर ना?"

"दोन्ही," एलिएसेर म्हणाला.

"गिअरबॉक्स नवा?"

"मालट्रकचा आहे. शंभर वर्षं हलणार नाही."

पाचेकोने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि डॅशबोर्डवरच्या रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं.

"सगळं उत्तम आहे, मिस्त्री. एकच विनंती. गेल्या वर्षी आम्ही म्हाताऱ्या मोंचिनचं प्रेत त्याच्या डॉमिनोच्या टेबलाशीच बसवलं होतं, लोकांना निरोप घ्यायला. एका दुपारच्या उकाड्यात नाकाचं मेण घसरलं. तुमच्या मुलाला तर दफनापर्यंत या गाडीत दोन दिवस बसायचंय. एसी तेवढा परत बसवून घ्या."