बाबांच्या पुढ्यातली चरबी

पाहुण्यांच्या खोलीतून ताट परत आलं ते बोटांनी पार निपटलेलं. रिसोलतनं ते उजेडात धरून पाहिलं. पलोवच्या भाताचं एक शीत नव्हतं, ते ठीक. पण सासऱ्यांच्या बाजूला रचलेले मेंढीच्या शेपटीच्या चरबीचे तुकडे? तेही सगळे गायब.

"खाल्ले बघा, आई! आज परत खाल्ले!"

सासूबाई चहाच्या पियाल्या विसळत होत्या. "हळू बोल. पाहुणे बसलेत अजून."

"बसू देत! हिवाळ्यात बाबा छाती धरून कोसळले तेव्हा यातला एक तरी आला होता का धावत?"

"जित्याची खोड गं. मी चाळीस वर्षं ओरडले, आता तू ओरड."

रिसोलतनं ताट आदळलं. तिच्या जिवाला नुसता घोर लागला होता. हमराकुलबाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिलाच समोर बसवून बजावलं होतं. चरबी बंद. मेंढीचं चरबट मांस बंद. सरकीचं तेल चमच्यानं, पळीनं नाही. गार कढईला पांढरा थर धरतो ना, तसंच नसांचं समज, म्हणाल्या. हे दुखणं घराण्यात उतरतं, सगळ्यांनीच जपा, असंही म्हणाल्या. पण ऐकतो कोण? दुखणं बाबांचं, तेव्हा पथ्यही बाबांचं.

मग चरबी शिजवायचीच कशाला, असं कुणी परका विचारेल. मर्गिलान शहरात राहून विचारून दाखवावं! गुरुवारचा पलोव, मित्रमंडळी जमलेली, आणि घरच्या कर्त्यापुढं चरबी नाही? रिसोलतनं वसंतात एकदा तो शहाणपणा केला होता. बाबा ताटाला हात न लावता उठले. "मी अजून मेलो नाही," एवढंच म्हणाले, आणि पुढं आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा तिनं मधला मार्ग काढला. चरबी ताटात राहील, पण तिचा नवरा सोबिर बापाला चिकटून बसेल आणि एकही तुकडा त्यांच्या तोंडात जाऊ देणार नाही.

कसला मधला मार्ग! पालथ्या घड्यावर पाणी.

पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला मागावर गाठलं. रेशमाचे धागे ताणून तो घामाघूम झाला होता. काडीसारखा माणूस, चाळिशी गाठली तरी अंगावर मूठभर मांस नाही.

"अहो, तुम्हाला शेजारी कशाला बसवलंय? छत मोजायला?"

सोबिर हसला. "एका ताटात चौघांचे हात. कुणाचा घास कुठं गेला, हे काय मी टिपत बसू?"

"बापाला पाठीशी घालताय तुम्ही."

सोबिरनं धोटा खाली ठेवला, दम घेतला. "ऐक. जन्मात या माणसानं मला नावानं हाक मारली नाही. 'ए' म्हणायचे. आता जवळ बसवतात, 'बाळा' म्हणतात. लोकांदेखत. तिथं मी नाही-नको करत बसू?"

रिसोलतला भडभडून आलं. पण भडभडून येण्यानं म्हाताऱ्याच्या नसा मोकळ्या होणार होत्या थोड्याच? ती तशीच अंगणात गेली. बाबा द्राक्षाच्या मांडवाखाली हिरवा चहा घेत बसले होते.

"बाबा, खरं सांगा. चरबी खाता ना?"

म्हाताऱ्यानं पुढ्यातली भाकरी उचलून कपाळाला लावली. "या भाकरीची शपथ, सूनबाई. दवाखान्यातून आल्यापासून जिभेला लावली नाही."

बायकापोरांची खोटी शपथ घेणारे पुष्कळ असतात, पण भाकरीची? एका तुकड्यासाठी या वयात एवढं पाप? बाबांची विजार हल्ली ढगळ झाली होती, सासूबाई नाडी आवळून द्यायच्या. तेही तिनं दुखण्याच्या खाती टाकलं.

पुढच्या गुरुवारी पलोवची पाळी बाबांच्या मित्राकडं, कारागीर नोसिरकडं होती. निघताना तिनं सोबिरची बाही धरली. "आज तरी लक्ष ठेवा हो. तुमच्या हातात आहे त्यांचा जीव."

"ठेवतो गं बाई," तो म्हणाला. जाताना तिच्या गालाला चिमटा काढून गेला.

दुपार कलली आणि नोसिरची बायको धापा टाकत फाटकात आली. "रिसोलत, चल! जेवता जेवता छातीत कळ आली. गाडीत घालून नेलंय!"

"मला माहीतच होतं!" रिसोलत किंचाळली. तिनं बाबांच्या गोळ्यांची पिशवी ओढली, एका पायात वहाण, एका पायात नाही, तशीच पळाली.

टॅक्सीत ती रडत होती आणि शिव्याही घालत होती. जगा म्हणावं, एकदा जगा. मग बघते. ताटात काय, स्वप्नातसुद्धा चरबी दिसू देणार नाही. आणि सोबिरला तर काय काय सुनावायचं ते तिनं वाटेतच ठरवून टाकलं. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही धड नाही!

दवाखान्याचा बोळ लांबलचक होता. टोकाच्या खोलीचं दार बंद होतं, आणि दारासमोरच्या बाकावर हमराकुलबाबा बसले होते. धडधाकट. त्यांच्या मांडीवर सोबिरचा कोट होता.

रिसोलत जागीच थांबली. पिशवीतल्या गोळ्या फरशीवर सांडल्या.

म्हाताऱ्यानं तेलकट हात तिच्यापुढं धरला.

"तुझं ऐकलं गं सूनबाई," ते म्हणाले. "एक तुकडा खाल्ला नाही. सगळे याच हातानं माझ्या बाळाला भरवले."