गिरणीतला अंबाडा

दळणाच्या डब्यांची रांग दारापर्यंत आली होती, तरी रंगनाथने गिरणी चालू केली नव्हती. तो बायकोच्या मागे उभा राहून तिचा अंबाडा घालत होता. गेल्या वर्षी याच गिरणीच्या पट्ट्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती, त्यामुळे केस सारखे निसटत होते.

"इंदू, तुला स्वतःला येत नाही का गं?" रांगेतल्या काकूंनी पदराआड हसत विचारलं.

"येतो की. पण मी घातला की यांचा जीव दिवसभर माझ्या केसांत. परवा तुमच्या गव्हात ज्वारी पडली ना, त्या दिवशी मीच घातला होता."

रंगनाथने अंबाडा हलकेच ओढून पाहिला, आणखी एक पिन खोचली आणि मगच बटण दाबलं.