उपासाची डोकेदुखी

तीन वर्षं हुलकावणी देणारा हिमबिबट्या स्पितीच्या कड्यावर अखेर समोर आला. विनयने कॅमेरा डोळ्याला लावला. सकाळपासून "संकष्टीच्या उपासानं डोकं दुखतंय" म्हणणारा चंद्रकांत कुजबुजला, "ही तर आपल्या जयपूरच्या झालाना जंगलातली मादी! चल, घर जवळच आहे, चहा घेऊ."

विनयने कॅमेरा खाली घेतला. हे दुखणं उपासाचं नव्हतं, उंचीवरच्या विरळ हवेचं होतं. बटण न दाबताच त्याने मित्राला धरून थेट खाली दवाखान्यात आणलं.

जयपूरला चंद्रकांतच्या घरी पोचल्यावर वीणाने नवऱ्याआधी विनयला ओवाळलं. "भावजी, तुम्ही होतात म्हणून..."

"माझ्यापायी तुझा बिबट्या हुकला का रे?" काहीच न आठवणाऱ्या चंद्रकांतने विचारलं.

कुंकवासाठी कपाळ पुढे करत विनय म्हणाला, "छे! फिरकलासुद्धा नाही."