इमारतीचं वय

"हात नका लावू साहेब, भिंत अंगावर येईल," राधाकृष्णराव म्हणाले.

सरकारी इंजिनियरनं हात मागं घेतला. भिंतीला भेग होती. लोकं नवी सून दाखवतात तशी राधाकृष्णराव ती भेग दाखवून राहिले होते.

"आमच्या पणज्यानं बांधली. निजामाच्या काळात. नव्वद वर्षं झाली. आत नुसती माती."

हिंगोलीच्या मेन रोडवर स्वतःच्याच इमारतीची इतकी बदनामी आजवर कुणी केली नव्हती.

कारण साधं होतं. राधाकृष्णराव वर राहायचे. खाली थावराचं टेलरिंगचं दुकान. सत्तावीस वर्षांचं. इमारत धोकादायक आहे, असा अर्ज रावांनी केला होता. ती तशी ठरली की नोटीस निघणार अन् दुकान खाली होणार. तांड्यावरच्या लोकांना थावराचा एकच पत्ता ठाऊक. मेन रोड, जुनी माडी, तिच्या खाली. इथून उठला की गिऱ्हाईक संपलं. पन्नाशीत नवं कुठून आणायचं?

"साहेब, सत्तावीस वर्षं इथंच बसून राहिलो," थावरा मशीन थांबवून म्हणाला. "खडा न्हाई पडला डोक्यावर."

"तुझं नशीब थोर," राधाकृष्णराव म्हणाले.

इंजिनियरनं दोघांचंही लिहून घेतलं आणि गेला.

हिंगोली जिल्हा होऊन तीनच महिने झाले होते. नव्या कचेऱ्यांना भाड्यानं जागा पाहिजे होत्या. राधाकृष्णरावांनी मागच्याच आठवड्यात त्यासाठीही अर्ज टाकला होता. जागा बघायला दुपारी चारला साहेब येणार होते. तोवर रावांनी भेगेत चुना भरला. वरून लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलं.

"चार वाजता तोंड बंद ठेव," ते थावराला म्हणाले.

चारला जीप थांबली. उतरला तो सकाळचाच इंजिनियर.

"काही राहिलं का साहेब?"

"न्हाई. भाड्याच्या जागांचा चार्जबी माझ्याकडंच हाय. नवा जिल्हा. माणसं कमी."

त्यानं दोन्ही अर्ज थावराच्या कापायच्या टेबलावर ठेवले. एकात इमारत नव्वद वर्षांची, मातीची. दुसऱ्यात पंधरा वर्षांची, पक्की. खाली सही एकाच माणसाची.

"कोणता खरा?"

राधाकृष्णराव कॅलेंडरकडं बघत राहिले. सरकारसारखा भाडेकरू पुन्हा दारात येत नसतो.

"दुसरा," ते म्हणाले. "एकदम मजबूत आहे. सकाळी मी जरा भावनेच्या भरात बोललो."

इंजिनियरनं पहिल्या अर्जावर आडवी रेघ मारली.

"म्हंजे दुकान खाली करायचं कारण संपलं. आता हापिसाला मोकळी जागा दाखवा."

राधाकृष्णरावांनी इकडंतिकडं पाहिलं. दुकानात थावरा होता. थावराची मशीन होती. मोकळं काहीच नव्हतं.

थावरानं दातानं दोरा तोडला.

"वर जाऊन बघा साहेब. लई हवेशीर हाय. अन् मालक-मालकीण दोघंच राहतात."