भुतांचा तास

वेल्डरची बायको वारून तीन महिने होत नाहीत तोच शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी त्याच्या लेकीला हॅलोविनसाठी, म्हणजे परदेशी भुतांच्या सणासाठी, भूत व्हायला सांगितलं. त्याचं टाळकं सटकलं. तो तडक वर्गात घुसला. डोक्यावरून चादरी ओढलेली पोरं इंग्रजीत आकडे मोजत लपाछपी खेळत होती.

"बाई, काय भरवताय यांच्या डोक्यात?"

"खेळ आहे हो. आणि ओरडू नका, तुमच्याइतकं कुठल्याच भुताने घाबरवलं नाही त्यांना."

"मला शिकवू नका! पोरांनो, ऐका रे. भूतबीत काही नसतं. मेलेलं माणूस परत येत नाही. संपला विषय!"

लेकीने डोक्यावरची चादर काढली.



"बाबा, मग मी झोपल्यावर आई येऊन पांघरूण घालते म्हणता, ते कोण घालतं?"