पान त्र्याऐंशीवरचं ऊन

शामलाबाईंनी कादंबरी वाचायला घेताना लाल पेन उचललं आणि तिथेच हर्षाचा बेत फसला.

गुलाबी कव्हरची ती प्रेमकथा हर्षाने मुद्दाम आणली होती. शेवटी नायिकेची आई लग्नाला हो म्हणते. ते पान आईच्या नजरेखालून जावं आणि ती जराशी मऊ असतानाच दुर्गेशला वर बोलवावं, एवढं साधं गणित. आई तासाला साठ पानं वाचते, म्हणजे एक वाजता पुस्तक संपेल. त्या हिशेबाने वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क असलेला दुर्गेश अर्धी सुटी टाकून एकच्या ठोक्याला घरासमोर रस्त्यावर येऊन थांबला होता. पण सव्वीस वर्षं दहावीचे मराठीचे पेपर तपासलेली बाई हातात लाल पेन आलं की वाचत नाही, तपासते. दोन वाजत आले होते आणि अजून चाळीस पानं बाकी होती.

हर्षाला बसवत नव्हतं. तिने कूलरमध्ये पाणी आहे का ते तिसऱ्यांदा पाहिलं, फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला, पुन्हा खिडकीशी आली. 'अजून चाळीस पानं' हा तिचा मेसेज एका टिकवर अडकला होता. उन्हात तापून दुर्गेशचा फोन बंद पडला असणार. म्हणूनच तो कडुनिंबाची सावली सोडून पलीकडे विजेच्या डीपीपाशी उभा होता. आता खिडकीतल्या खुणेवरच सगळी भिस्त होती, आणि ही खिडकी दिसते ती तेवढ्या एकाच जागेवरून.

शामलाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. दुर्गेशचं नाव घरात तीनदा निघालं होतं आणि तिन्ही वेळा त्या भाजी परतायला उठून गेल्या होत्या. भाड्याची खोली आणि गोदामातली नोकरी, एवढंच त्या बोलून दाखवत. जातीचं बोलत नसत, पण ते न बोलताही घरात ठाण मांडून बसलेलं होतं. मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्या हर्षाच्या वडिलांनी, सुमंतरावांनी, तर केव्हाच अंग काढून घेतलं होतं. तुझी आई हो म्हणाली की माझंही हो समज, म्हणाले होते.

"इकडे ये वं," शामलाबाईंनी हाक मारली आणि त्र्याऐंशीवं पान पुढे केलं.

त्या पानावर ऋषी नावाचा नायक मे महिन्यातल्या भर दुपारी, इथल्याच जरीपटक्याच्या बाजारात, दोन तास वैदेहीची वाट पाहत उभा होता. डोक्याला फडकं नाही, जवळ पाण्याचा थेंब नाही, आणि केस म्हणे वाऱ्यावर भुरभुरत होते. या लेखकाला कधी उन्हाची लू लागली नसावी, असं शामलाबाईंचं मत पडलं. समासात लाल अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं, 'अशक्य'. पुढे तर वैदेहीच्या घरी मुलाचं आडनावसुद्धा कोणी विचारत नव्हतं. शामलाबाईंना खरोखर वाईट वाटत होतं. पुस्तक उघडताना त्या दर वेळी आशेने उघडत, आणि खोटं काही दिसलं की त्यांना फसवल्यासारखं व्हायचं.

उरलेली पानं त्यांनी तशीच तपासत संपवली आणि पुस्तक मिटलं.

"शंभरपैकी पस्तीस. तेही कागद चांगला आहे म्हणून." मग न राहवून त्या म्हणाल्या, "एका पानात कोणती आई हो म्हणून राहिली वं?"

हर्षाने विचारलं, "किती पानं लागतात मग?"

शामलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता.

"सांग ना आई. एक वाजतापासून उभा आहे तो."

"कोण?"

हर्षाने पडदा सारला.

डीपीपाशी एकजण उभा होता. पांढरा दुपट्टा डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून गच्च आवळलेला, फक्त चष्मा उघडा. हातात पाण्याची बाटली. शर्टाच्या खिशाला फुगवटा होता, लू लागू नये म्हणून ठेवलेला कांदाच असणार. शामलाबाईंची नजर सवयीने चूक शोधू लागली. एक केस उडताना दिसेना.

"सावली सोडून तिथे काहून उभा आहे तो?"

"तिथूनच आपली खिडकी दिसते. फोन बंद पडला त्याचा."

शामलाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. आता चौथ्यांदा भाजी परतली जाणार, या विचाराने हर्षाला रडू कोसळायचं बाकी राहिलं. ती पडदा मुठीत धरून तशीच उभी राहिली. पण आतून कढईचा नाही, माठावरच्या झाकणाचा आवाज आला.

शामलाबाई पन्ह्याचा पेला घेऊन बाहेर आल्या.

"हे ने खाली. उन्हातून आल्या आल्या नको पिऊ म्हणावं, दोन मिनिटं थांब म्हणावं."

हर्षाने पेला घेतला.

"मी हो म्हटलं नाही अजून," शामलाबाई म्हणाल्या.

"मग?"

"जिन्यात आला की दुपट्टा सोडाले सांग त्याले. तोंड तं पाहू दे मले."